लिनक्सवाले थोडेच

जुन्या कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की काही वर्षांपूर्वीची, हिंदी मुलखातल्या ओरछा गेटजवळच्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते आणि माझंही डोकं तापतं. त्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, म्हणून मुलीने त्यावर लिनक्स ही फुकट मिणारी, हलकी प्रणाली घातली होती आणि ती रोज नागपूरच्या मावसबहिणीबरोबर ऑनलाइन गेम खेळायची. आमच्याशी हिंदीतच बोलणारी ही पोरगी खेळताना मात्र "अगं ताई, मागे बघ, मागे!" असं ओरडायची आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून तिचं मराठी ऐकत बसायचो. त्या संध्याकाळी गेमचं अपडेट आलं आणि पडद्यावर सूचना झळकली की फसवेगिरी रोखण्यासाठी लिनक्सवर हा गेम बंद करत आहोत. "बाबा, मैंने चीटिंग कब की?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं. मी संतापून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "प्रत्येक खेळाडू आमच्या कुटुंबातलाच आहे, पण लिनक्सवाले फारच थोडे आहेत." तिच्या शाळेत मराठीचा वर्ग मागायला गेलो होतो, तेव्हाही मुख्याध्यापकांनी असंच गोड हसून "आप लोग हैं ही कितने?" विचारलं होतं. कंपनी अजून दर दिवाळीला 'तुमची आठवण येते' असा मेल पाठवते. ताईचा फोन आला की मुलगी आता "हाँ दीदी" म्हणते.