गोडबोली पद्धत

छावणीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. घरी बायको म्हणत नसे, एवढंच. नव्या रंगरुटांना शिकवण्याची कोणती रीत जास्त लागू पडते, हे तपासायचं त्याचं काम. त्यानं दोन तुकड्या केल्या होत्या. एकीला नेहमीसारखं ओरडून शिकवायचं. दुसरीला आधी काय बरोबर केलं ते सांगायचं आणि मग चूक दाखवायची. हवालदारांनी या दुसऱ्या रीतीला 'गोडबोली' असं नाव ठेवलं होतं. पण भिंत चढण्यात, बंदूक सुटी करून जोडण्यात गोडबोली तुकडी सरस ठरली, तेव्हा त्यांचीही तोंडं बंद झाली. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे अहवाल मांडला की ही पद्धत सगळ्या छावणीला लागू होणार होती. फूटपट्टीला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्या भरात त्यानं घरी आईवरही गोडबोली सुरू केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामाचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करायची.

"वा आई! टाच काय सरळ ठेवलीस! आता पाय जरासा वर."

आई निमूटपणे पाय वर न्यायची.

"बघितलंस?" रविवारी जेवताना तो बायकोला म्हणाला. "सगळा पद्धतीचा गुण."

बायकोनं वाढता वाढता हसू दाबलं. "अहो, तुम्ही दारात उभे असता म्हणून! तुमची पाठ वळली की त्या पाय पसरून टीव्ही बघतात."

"काहीतरीच!"

"तुमच्या चपला वाजल्या की पुन्हा पाय वर. विचारा त्यांनाच."

"चहाडखोर आहे नुसती," आई म्हणाली. पण नाकबूल काही केलं नाही.

त्याचा घास तोंडातच राहिला. गोडबोली तुकडी म्हणजे लाडकं लेकरू, तेव्हा तिची वेळ मोजायला तो जातीनं उभा राहायचा. ओरड्या तुकडीकडे कारकुनाला पिटाळायचा, आणि कारकुनाचे डोळे मोबाइलमध्ये. मग पोरं पद्धतीमुळे भराभर चढत होती, की त्याला बघून?

"आता काय करणार?" बायकोनं विचारलं. त्याचा चेहरा बघून तिला बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला होता.

"गप्प बसलो तर उद्या शाबासकी आहे," तो म्हणाला आणि गटागटा पाणी प्यायला.

सोमवारी साहेबांपुढे त्यानं सगळं सांगून टाकलं. आई, चपला, टीव्हीसकट. मागे उभा असलेला हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला.

"म्हणजे इतके दिवस आपण पद्धत नाही, तुम्हालाच तपासत होतो?" साहेबांनी विचारलं.

"तसंच म्हणायला हवं, साहेब."

"तुमचा निकाल छान आलाय की! अहवाल मात्र ठेवा बाजूला. पुन्हा पहिल्यापासून करा. आणि तुम्ही मैदानाकडे फिरकायचं नाही."

आता दोन्ही तुकड्यांना एकच कारकून, मोबाइल काढून घेतलेला. फूटपट्टी आपल्या खोलीत, खिडकी लावून. बाहेर कुणीतरी भिंतीवरून धपकन पडलं. कोणत्या तुकडीतलं, ते बघायला तो ताडकन उठला, आणि खुर्चीचा हात धरून पुन्हा खाली बसला.