आत्याबाईंचं कुंकू आणि माझा सिलेंडर

“सून लय शिकलीया वं, पर एक दिस घर पेटवंल! सिलेंडर बंद करायचं भान न्हाई तिला.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या काकूंना सांगत होत्या आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी! अंगावरची हळद अजून उतरायची होती. मी चंगच बांधला. स्वयंपाकघरातून पाऊल बाहेर टाकायचं, तर आधी सिलेंडर बंद. झोपेतसुद्धा हात फिरायचा!

आता यात फजिती कुठली, म्हणाल. सांगते ना.

मलकापूरच्या एका कॉलेजात आम्ही छोटं कणत्वरक यंत्र, म्हणजे पार्टिकल ॲक्सिलरेटर, उभारतोय. त्याचा आयन सोर्स माझ्याकडे. काचेच्या बाटलीत हायड्रोजन अगदी कणाकणानं सोडायचा, रेडिओलहरींनी पेटवायचा. गुलाबी उजेड पडला की त्यातले प्रोटॉन ओढून यंत्रात पुढे ढकलायचे. यंत्राची चूलच म्हणा!

सकाळी चूल झकास पेटली. दुपारी पहिला बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, सोडायचा, म्हणून सरांनी घरच्यांनाही बोलावलेलं. उंब्रजहून आत्याबाई आणि फौजेतून निवृत्त झालेले मामंजी आले. मी सोर्स बंद करून त्यांना आणायला फाटकावर गेले.

आत्याबाईंनी यंत्राच्या चौकटीला हळद-कुंकू लावलं, दाराबाहेर नारळ फोडला. मी ऐटीत बटण दाबलं.

अंधार!

पुन्हा दाबलं. बाटली ढिम्म.

“व्हॅक्यूम तर आज फारच छान आहे,” सर पुटपुटले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नको होता का?

केबल तपासल्या, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी सरांची नजर कुंकवावर गेली. “सकाळी तर चालू होता…”

“म्हनलं व्हतं न्हवं, मशिनीला हात लावू नगंस!” मामंजी गरजले.

“आवं, ट्रॅक्टरला लावलं तवा चाललाच की!” म्हणता म्हणता आत्याबाईंचा आवाज बारीक झाला. पदरानं त्या कुंकू पुसायला लागल्या. डोळ्यांत पाणी.

आणि माझं लक्ष हायड्रोजनच्या सिलेंडरवरच्या काट्याकडे गेलं. शून्य! बाटलीत गॅसच नव्हता, म्हणून तर व्हॅक्यूम एवढा छान! फाटकाकडे निघताना माझा हात सवयीनं चावीकडे…

हळूच मागे जाऊन चावी फिरवली असती, तर कुणाला कळणार होतं? पण तो पदर बघवेना.

सगळ्यांदेखत उठले, सिलेंडर उघडला, बटण दाबलं. बाटली गुलाबी झाली. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी मोठ्यांदा बोलले,

“आत्याबाई, कुंकू पुसू नका! बाहेर पडताना सिलेंडर बंद करायचं भान आलंय मला!”