अंडर-सिक्सेसची हॅलोवीन पार्टी

फोनवर नीट ऐकू आलं नाही तर "पार्डन?" म्हणावं, एवढं मला इंग्लंडला यायच्या आधीच शिकवलं होतं. एकदा तेवढं म्हणायचं राहिलं आणि जी फजिती झाली, ती सांगते. चहा ओता आणि मला मध्ये थांबवू नका. थांबवलंत तर पुढचं सांगायचा धीर व्हायचा नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा अविनाश लीड्सच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होता. आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो. तो सदा ड्यूटीवर, आणि मी चार वर्षांच्या मीराला घेऊन घरात. ओळखीची म्हणावी अशी एकच बाई, मार्गारेट. गल्लीच्या टोकाला चर्चचा हॉल होता. सकाळी तिथे मीराचा प्लेग्रुप भरायचा आणि हॉलच्या किल्ल्या मार्गारेटकडे असायच्या. ती मला "लव्ह" म्हणायची. त्या यॉर्कशायर भागात बसचा ड्रायव्हरसुद्धा सगळ्यांना लव्ह म्हणतो, हे मला कुठे ठाऊक? मी तिला जिवाभावाची मैत्रीण समजून बसले होते.

ऑक्टोबरात एका दुपारी तिचा फोन आला. इकडे कुकरच्या शिट्ट्या, तिकडे तिचं ते अर्धे शब्द गिळणारं इंग्लिश. हॉलमध्ये हॅलोवीनची पार्टी आहे, खेळ तू घेशील का, इतकं कळलं. कुणासाठी, असं मी विचारलं आणि मला ऐकू आलं, "अंडर-सिक्सेस." म्हणजे सहा वर्षांच्या आतली पोरं.

पुढे तिने सूचना दिल्या. लवकर दमतात, तेव्हा फार ताणू नकोस. कडक काही खायला देऊ नकोस, दातांचा प्रश्न असतो. टॉयलेटची घाई ऐनवेळी होते. मध्येच डुलक्या काढतात. आणि हरले की रुसतात, तेव्हा बक्षीस सगळ्यांना दे.

आता सांगा, यात शंका यावी असं काय होतं? हुबेहूब आमची मीरा! मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्या घरी एक आहे, मला सगळी सवय आहे. त्यावर ती फार हळव्या आवाजात म्हणाली, "तुझं कौतुक आहे, लव्ह."

मी कामाला लागले. पहिल्यांदाच कुणीतरी मला आपल्यातलं मानून काहीतरी सांगितलं होतं. लायब्ररीतून पार्टीच्या खेळांचं पुस्तक आणलं. त्यात वयाप्रमाणे वेगवेगळे खेळ दिले होते. पाण्यातलं सफरचंद दातांनी उचलायचा खेळ मोठ्या मुलांचा, तो बाद. डोळे बांधून सोललेली द्राक्षं चाचपायची आणि ती भुताचे डोळे समजायची, हे मला आवडलं होतं. पण अविनाश म्हणाला, या वयात अशा गोष्टींचा मनावर कायमचा परिणाम होतो. तेही बाद.

शेवटी तीन खेळ ठरले. कागदावरच्या चेटकिणीला डोळे बांधून नाक चिकटवायचं, टॉयलेट रोल गुंडाळून एकमेकांची ममी करायची, आणि शेवटी झोपलेली भुतं. त्यात सगळ्यांनी डोळे मिटून निपचित पडायचं, हलला तो बाद. पोरं शांत करायला उत्तम, असं पुस्तकात म्हटलं होतं.

त्या दिवशी मीराला नेमकी सर्दी झाली, म्हणून तिला शेजारी सोडलं. मी एक केशरी साडी फाडून भोपळ्याचा झगा शिवला होता, तो चढवला. हॉलमध्ये प्लेग्रुपच्या वीतभर उंचीच्या खुर्च्या गोल मांडल्या. बाहेर मिनीबस थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं तशी मी दोन्ही हात पसरून लाडिक आवाजात म्हणाले, "या, माझ्या चिमुकल्या भुतांनो!"

आत आली ती एक काठी. तिच्यामागे एक आजोबा. मग एक वॉकिंग फ्रेम, मोत्यांच्या माळा, हॅट्स.

मला वाटलं, आजीआजोबा नातवंडांना सोडायला आलेत. मी हसून वाट बघत राहिले. शेवटचे आजोबा आत आले आणि ड्रायव्हरने दार लावून घेतलं. डोरोथी नावाच्या एक आजी पुढे होत्या, त्यांना मी हळूच विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"थोरला ऑस्ट्रेलियात असतो," त्या म्हणाल्या.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. अंडर-सिक्सेस नव्हे, ओव्हर-सिक्स्टीज! साठीच्या पुढची मंडळी! आणि मी समोर भोपळा होऊन उभी.

पळून जावंसं वाटत होतं. पण मंडळी कोट काढून त्या इवल्याशा खुर्च्यांकडे कुतूहलाने बघत होती. मी त्या कोपऱ्यात रचल्या, मोठ्या खुर्च्या ओढून आणल्या आणि जे होतं तेच सुरू केलं. आणि काय रंगले हो सगळे! चेटकिणीचं नाक कुणी भलत्याच ठिकाणी चिकटवलं की बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. ममीच्या खेळात डोरोथीबाईंनी आल्बर्ट नावाच्या आजोबांना असं गुंडाळलं की नुसत्या मिशा दिसत होत्या. जमिनीवर सगळीकडे कागदच कागद. मार्गारेट किचनमधून चहा करताकरता शाबासकीचा अंगठा उंचावून गेली. मला वाटलं, जिंकलं आपण.

मग आली झोपलेली भुतं. खुर्चीतच डोळे मिटा म्हटलं. एकेक जण हसून बाद झाला. राहिले फक्त आल्बर्ट. मी म्हटलं, तुम्ही जिंकलात. काही नाही. मोठ्याने म्हटलं. काही नाही. खांदा हलवला, तर मान एका बाजूला कलंडली.

डॉक्टरच्या बायकोने पोरांच्या खेळात एक म्हातारा माणूस मारला! अँब्युलन्स, अँब्युलन्स असं ओरडत मी किचनमधल्या फोनकडे धावले. पाय आला टॉयलेट रोलवर. भोपळा सगळ्या हॉलभर घसरत गेला आणि त्या चिमुकल्या खुर्च्यांच्या ढिगात जाऊन आदळला.

त्या हादऱ्याने आल्बर्ट जागे झाले. कानातलं मशीन चालू केलं आणि विचारलं, "मी जिंकलो का?"

डोरोथीबाई चाळीस वर्षं नर्स होत्या, हे तेव्हा कळलं. त्यांनी माझा घोटा तपासला, मुरगळलाय म्हणाल्या आणि बँडेज बांधलं. मला रडू आलं. त्यांना वाटलं दुखतंय. मी सगळं सांगून टाकलं. फोन, सिक्सेस, सिक्स्टीज, सगळं. मला वाटलं आता राग येईल. त्यांनी माझं बोलणं सगळ्यांना मोठ्याने सांगितलं आणि हॉलमध्ये जो हशा उठला तो चहा थंड होईपर्यंत चालला.

घरी मला मिनीबसने पोचवलं. एका बाजूने आल्बर्ट, दुसऱ्या बाजूने डोरोथीबाई, मध्ये लंगडता भोपळा. अविनाशने दार उघडलं आणि आधी त्या दोघांनाच धरायला हात पुढे केले.

डोरोथीबाईंनी मला त्याच्या स्वाधीन केलं आणि म्हणाल्या की दर बुधवारी हिला हॉलमध्ये पाठवत जा, आम्ही हिला मेंबर करून घेतलंय.

मी म्हटलं, "अहो, पण मी तर एकतीसचीच आहे."

"ठाऊक आहे, लव्ह," त्या म्हणाल्या. "नियम साठचा आहे. पण तुझं चालणं बघून कमिटीने सूट दिलीय."