स्वीडनची तपासनीस सापगावात

हसू नका असं म्हणणार नाही, हसण्यासारखंच आहे. फक्त आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. कल्याणकारी राज्य या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला मी, एका दुपारी माझ्याच नातीला तांदळाच्या कणगीमागे लपवलं!

माझी मुलगी रश्मी स्वीडनला असते. तिथलं सरकार मुलांसाठी दरमहा भत्ता देतं, बाहेरून येऊन राहिलेल्यांनाही. प्रबंध लिहूनही मला हे कधी पटलं नाही. देतात म्हणजे कुठून तरी बघतही असणार, नाही का?

यंदा ती चार वर्षांच्या ईराला घेऊन सापगावला आली. त्या सकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होती, मूल फार महिने देशाबाहेर राहिलं तर भत्ता बंद होतो. एवढं माझ्या कानावर पडलं आणि ती ईराला माझ्यावर सोपवून सासरी मुरबाडला गेली. मी कॅलेंडर काढून आठवडे मोजत बसलो.

दुपारी दारात एक अनोळखी बाई. हातात मोबाइल, काखेत वही.

"सर, घरात सहा वर्साखालचं पोर हाय का? बाहेरगावचं असलं तरी सांगा. कधी आलं, किती दिस राहनार, लिवायचंय."

ही स्वीडनचीच तपासनीस, मी ताडलं. तुम्ही म्हणाल, स्वीडन सापगावात माणूस कशाला नेमेल? अहो, हल्ली सगळीच कामं कंत्राटानं देतात! नाव विचारलं तर म्हणाली, वनिता, शेणव्याची. मुद्दाम जवळचं गाव सांगतेय, हे मी ओळखलं.

आत गेलो, लपाछपी खेळू म्हणून ईराला कणगीमागे बसवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, या घरात मूल नाही.

बाईंनी पायरीकडे पाहिलं. तिथं वीतभर गुलाबी चपला.

"मग ह्या कोनाच्या?"

"माझ्या," मी म्हणालो. का म्हणालो, मला विचारू नका.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आजोबा, मी अजून लपू का?"

आता संशय घेण्याची पाळी बाईंची. त्यांनी फोन करून पोलीस पाटलांना बोलावलं. शेजारीही जमले. मी जितकं बोलावं तितका रुतत गेलो. मूल माझंच आहे, पण इथलं नाही. इथं आहे, पण इथं आहे असं कृपया लिहू नका. पाटलांनी ईराला विचारलं, हे कोण? डाव मोडला म्हणून ती रुसलेली, तोंड उघडेना.

"सर, पोर कुठनं आनली ते सरळ सांगा. नायतर शहापूरला ठाण्यात चला," पाटील म्हणाले. रस्त्यानं येणारी रिक्षा त्यांनी हात करून थांबवली, तर तिच्यातून रश्मीच उतरली.

सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "बाबा, मी निघण्याआधीच तिथं तारखा कळवल्यात. फोनवर मैत्रिणीच्या भत्त्याचं चाललं होतं."

"त्यांनी पुरावा नाही मागितला?"

"सांगितलं ते लिहून घेतलं."

वनिताताई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या नव्या सेविका. जुन्या बाई निवृत्त झाल्याचं मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी ईराचं वजन केलं, उद्यापासून खिचडीला पाठवा म्हणाल्या.

मी हळूच विचारलं, "पण ही इथली नाही. हिला चालतं?"

"पोर कुठलं का असंना. गावात हाय ना? वीटभट्टीवरच्या पोरांनाबी आमी देतो."

मग त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. माझा संशय काही जाईना. चष्मा लावून वाकून पाहिलं. आमच्या घरापुढे लिहिलं होतं: 'मूल एक. आजोबांना विचारू नये.'