स्पेशल गाडीनं शेतावर

आमच्या स्टेशनवर साधं छप्पर नव्हतं. कर्जत-खोपोली मार्गावरचं ते इवलंसं स्टेशन. लोकल थांबते, चार माणसं उतरतात, दोन चढतात, की पुन्हा सगळं सामसूम. छप्पर द्या, बाकं द्या म्हणून गावानं किती अर्ज केले ते देव जाणे. आणि दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमाराला, तिथं एकदम छप्पर आलं, बाकं आली, कुंड्यांत झेंडू आला. आमच्यासाठी नव्हे. गावाच्या जुन्या शेतांवर जे गोल्फचं मैदान झालंय, तिथं मोठी स्पर्धा होणार होती, आणि ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुंबईहून स्पेशल गाडी सुटणार होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. इथं तर नागोबा यायच्या आधी बीळही रंगवून ठेवलं.

मी कर्जतला राहते, ब्लाउज शिवते आणि बोलायला जरा तिखट आहे. ही बातमी मी आईला फोनवर सांगितली तीही तणतणतच. आई गावी एकटी राहायची. वाटलं, तीही दोन शिव्या हासडील. तिनं मात्र विचारलं, "बगायला कुनालाबी जाऊ देतात का गं?"

तिच्या मनात काय आहे ते मला लगेच कळलं.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. गणपतीत जन्मली आणि मार्गशीर्षात तापानं गेली. आईचं माहेर भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समधलं. तिथल्या बायका संक्रांतीनंतर लहान मुलांना काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून बोरन्हाण घालायच्या, ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. आमच्या घरात ती रीत नव्हती. "आमच्यात नाय असलं काय," असं आजी म्हणाली, तरी आईनं हौसेनं काळं झबलं शिवून ठेवलं. पोरीच्या अंगाला ते लागलंच नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. वडिलांनी तिला शेताच्या वरच्या बांधाला पुरलं. बायकांना नेत नाहीत, म्हणून आई गेली नाही. जागा तिला वडिलांनी मागाहून दाखवली.

पुढं दर वर्षी, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या सकाळी, आई त्या बांधावर जायची. बोरं, कुरमुरे, तिळाच्या रेवड्या, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे असं सगळं स्टीलच्या डब्यात कालवून न्यायची आणि त्या जागेवर ओतायची. ओतताना बोलायची. "बायो, औंदा बोरं गोड हायत बग." मी दूर उभी. मला त्या न पाहिलेल्या बहिणीचा भयंकर राग यायचा. कारण माझं बोरन्हाण कधी झालंच नव्हतं. पहिलीसाठी आधीच झबलं शिवलं आणि ती गेली, म्हणून माझ्या वेळी आईनं धसकाच घेतला. कशाचीच तयारी केली नाही. जिवंत मुलीला काही नाही आणि गेलेलीला दर वर्षी डबाभर! माझं लग्न झालं, केस पिकले, पण ही अढी काही सुटली नाही. आईला मात्र मी कधी बोलून दाखवलं नाही. तिखटपणालाही जागा बघावी लागते.

बांधावर ओतलेल्या बोरांतून पुढं तिथं एक बोरीचं झाड उगवलं. आई म्हणायची, ते बायोनंच लावलंय.

मग रस्ता रुंद झाला, शेजारपाजारच्यांनी जमिनी दिल्या, वडिलांनीही दिली. मधोमध एकट्याचं शेत ठेवून करणार काय? आई आडवी आली नाही. "बांधाचं तेवढं बगा," एवढंच म्हणाली. ते कुणी बघितलं नाही. सुरुवातीला तारेचं कुंपण होतं, तेव्हा ती तारेतून मूठमूठ कुरमुरे आत टाकायची. नंतर भिंत आली. वडील गेले. माझा चुलत भाचा तिथं फाटकावर वॉचमन लागला, म्हणून आईनं त्याच्याकडं रदबदली करून बघितली. तो म्हणाला, "आजी, मेंबर सोडून कुनाला आत नाय. माझी नोकरी जाईल." तेव्हापासून डबा फडताळातच राहिला.

आता स्पर्धेपुरतं फाटक उघडणार होतं. पण त्यातही मेख होती. प्रेक्षकांचा पास मिळायचा तो स्पेशल गाडीच्या तिकिटासकटच. गाडीत हाताला पट्टा बांधणार आणि पट्टेवाल्यांनाच स्टेशनवरून बसनं आत नेणार. मुंबई सोडल्यावर गाडी वाटेत माणसं घेणार ती फक्त कर्जतला. म्हणजे जिच्या परसातून त्या मैदानाची भिंत दिसते, त्या बाईनं आधी लोकलनं कर्जतला यायचं आणि तिथून स्पेशलनं परत आपल्याच गावाला जायचं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई हसून म्हणाली. त्या दिवसांत तिला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "औंदा एकदा तिला न्हाऊ घालते गं. पुढच्या वर्षी मी असंन का नसंन." माझ्या एका गिऱ्हाइकानं मोबाइलवरून दोन पास काढून दिले.

स्पर्धेच्या सकाळी आई काळं पातळ नेसून कर्जतला आली होती. डबा पिशवीत, पिशवी पोटाशी. गाडीच्या तोंडाला माळा घातलेल्या. आत टोप्या घातलेली, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं, कुणाजवळ घडीच्या खुर्च्या, सगळे सहलीला निघाल्यासारखे खुशीत. एका मुलीनं आमच्या मनगटांना हिरवे पट्टे बांधले आणि आईला कौतुकानं विचारलं, "आजी, तुम्ही कुणाला बघायला निघालात?"

"माझ्या मुलीला," आई म्हणाली.

त्या पोरीला वाटलं, हिची मुलगी खेळणार आहे. तिनं आईला वाकून नमस्कारच केला. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आईसाठी होतं की माझ्यासाठी, ते मलाच ठरवता येत नव्हतं.

पळसदरी मागं पडलं. आमच्या स्टेशनवर ताशा वाजत होता. नव्या छपराखालून आम्ही पाहुण्यांसारख्या चालत गेलो, गारेगार बसमध्ये बसलो आणि फाटकाशी उतरलो. तिथं पिशव्या तपासत होते. तपासायला भाचाच होता, आणि शेजारी त्याचा साहेब. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. भाच्यानं डबा उघडला, आत बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो याच गावचा. हा डबा कसला, ते त्याला सांगायला नको होतं.

"आजी, ह्यो माज्याकडं ठेवतो. जाताना घेऊन जावा," तो हळू आवाजात म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. "राहू दे गं. त्याच्या पोटावर पाय नको." आणि ज्यासाठी एवढा वळसा घातला, तो डबा तिथंच ठेवून ती रिकाम्या हातानं आत गेली.

आत सगळीकडं हिरवंगार. बांध नाही, चर नाही, पायवाट नाही. मी तर पार गोंधळून गेले; मला माझंच शेत ओळखता येईना. आई मात्र थांबली नाही. भिंतीपलीकडचा विजेचा मनोरा आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत येईपर्यंत ती धापा टाकत चालत राहिली. मग एका ठिकाणी, दोरी बांधून लोक उभे केले होते तिथं, ती थबकली. बोरीचं झाड नव्हतं. दोरीच्या पलीकडं एक पसरट खड्डा होता आणि त्यात पांढरीशुभ्र रेती.

"ही रेती हितली नाय," आई म्हणाली.

"बाहेरून आणली असेल."

आई दोरीला धरून उभी राहिली. तिनं "बायो" म्हणून सुरुवात केली असेल नसेल, तोच कुणाचा तरी चेंडू लांबून आला आणि नेमका त्या रेतीत रुतला. लोक हळहळले. एक उंचापुरा खेळाडू काठी घेऊन खड्ड्यात उतरला. कडेच्या कार्यकर्त्यानं शांत राहण्याची खूण केली. एवढी गर्दी, पण एकदम अशी चिडीचूप झाली की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

आईनं चहूकडं बघितलं. सगळे खाली त्या रेतीकडं बघत स्तब्ध उभे होते. ती माझ्या कानाशी लागली. "तिला नेलं तवा तिच्या बापाबरोबर येकच मानूस व्हता गं. आज बग किती उभी हायत."

"आई, ते चेंडूसाठी..."

"ठावं हाय मला. पन गप हायत ना?"

खेळाडूनं काठी मारली. रेती फवाऱ्यासारखी उडाली आणि आईनं माझ्या दंडात नखं रुतवली. चेंडू जिथं जायचा तिथं गेला असावा, कारण लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आईचा चेहरा रडवेला झाला. "आता टाळ्या कशापायी?" ती म्हणाली.

खेळाडूच्या मदतनिसानं दाताळं घेऊन रेतीतली पावलं पुसून टाकली. जमीन पुन्हा कोरी करकरीत.

"रोज आसंच करीत असतील?"

"हो."

आई बराच वेळ त्या सपाट रेतीकडं बघत राहिली. मग तिनं दोरी सोडली. "चल. ती आता हितं नाय."

जाताना भाच्यानं डबा दिला. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. स्टेशनवर परतीची गाडी लागायची होती. नव्या बाकांवर पाहुणे खेळावर गप्पा मारत बसलेले. टोकाचं एक बाक रिकामं होतं. मी आईला बसवायला लागले, तर ती म्हणाली, "मी नाय. तू बस."

मी बसले. तिनं डब्याचं झाकण काढलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आई, लोक बघतायत."

"बगू दे. हालू नको."

आणि तिनं तो डबा माझ्या डोक्यावर उपडा केला. बोरं खांद्यावरून घरंगळली, कुरमुरे केसांत अडकले, करवे मांडीत पडले. माझ्या पिकल्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "बायो, तुज्या वक्ताला मी भ्याले गं." एवढंच. मला तिनं त्याआधी कधी बायो म्हटलं नव्हतं. मी, चारचौघांत कधी हार न जाणारी बाई, त्या प्लॅटफॉर्मवर ओक्साबोक्शी रडले.

बोरन्हाणात खाली पडलेलं लुटायला मुलं लागतात. तिथं मुलं नव्हती. पाहुणे बिचारे पाय जपून टाकत बाजूनं जात होते. आई धाप लागून बाकावर टेकली आणि मी खाली बसून एकेक बोर वेचून पुन्हा डब्यात भरलं.

त्याच आषाढात आई गेली. पुढच्या वर्षी स्पर्धा दुसरीकडं भरली. स्पेशल गाडी परत आलीच नाही. स्टेशनवर छप्पर तेवढं राहिलंय. लोकलची वाट बघताना मी त्या टोकाच्या बाकावर बसत नाही.

यंदा संक्रांतीनंतर मी बाजारातून बोरं आणली, कुरमुरे आणले, रेवड्या आणल्या आणि आईचा डबा भरला. भरून झाल्यावर सुचेना, हा आता कुठं न्यायचा. रथसप्तमी होऊन गेली. कुरमुरे मऊ पडलेत. डबा अजून ओट्यावरच आहे.