रिमिक्समधल्या मावशींच्या गावाला

पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरले आणि पहिल्याच रिक्षात तेच गाणं. 'हाय हाय, हाय हाय', खाली धाडधाड ठेका. म्हटलं, चला, पत्ता चुकलेला नाही.

पुण्याहून मी आले होते ती याच आवाजासाठी. नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्या संकेत नावाच्या रॅपरनं दोन-तीन वर्षांपूर्वी घरच्या बोलीत एक आल्बम केला. त्यात बाप होडीवरून येतो, दारातून हाक मारतो, 'हायस का गो?' आणि आई आतून ओरडते, 'हाय, हाय, मी हाय!' (आहे, आहे, मी आहे!) आई त्याची स्वतःचीच, उरणजवळच्या मोऱ्याची कोळीण. मी ते येईल-जाईल त्याला ऐकवायची. समीक्षकांनी दोन ओळी बऱ्या लिहिल्या, पण आल्बमला कुणी विचारलं नाही.

मग मुंबईच्या एका कंपनीनं त्याचा रिमिक्स आल्बम काढला. रिमिक्स करणाऱ्या गड्याला मराठीचा गंध नव्हता. त्यानं नेमकं 'हाय हाय' तेवढं कापलं आणि घोळवलं. झालं! उरण-पनवेलकडची एक हळद त्याच्याशिवाय लागेना. समीक्षकांनी तर कमालच केली. हा म्हणे किनाऱ्याचा आक्रोश! अहो, बाई नवऱ्याला 'घरात आहे' म्हणतेय, आक्रोश कसला डोंबलाचा?

संकेत स्कूटर घेऊन आला.

"मॅडम, आज आयेचा आवाज परत घेतोय. पूर्ण वाक्य. नवीन आल्बममध्ये जसंच्या तसं टाकणार. लोकांना ओरिजिनल कळलंच पाहिजे."

"आई तयार आहेत?"

"तुम्ही आहात ना. पाहुण्यांसमोर ती नाही म्हणायची नाही."

उरणचा रस्ता म्हणजे कंटेनरच्या ट्रेलरांचं राज्य. मी तोंडाला ओढणी बांधून जीव मुठीत धरून बसले होते. गव्हाण फाट्यापुढे मागचं चाक बसलं आणि पंक्चरवाल्याकडे धूळ खात थांबावं लागलं. माझी चिडचिड चाललेली, संकेत मात्र फोनवर जुना आल्बम लावून मला आईच्या उत्तराची ती जागा पुन्हा पुन्हा ऐकवत होता.

मोऱ्याला पोचलो तेव्हा धक्क्यावर लाँच लागलेली होती आणि मावशी, म्हणजे संकेतची आई, ओट्यावर म्हावरं (मासे) साफ करत होत्या. "या बाय, आदी जेवा," म्हणाल्या. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. मी लाजलज्जा सोडून जेवले.

मग मी गाण्याचा विषय काढला. भांडी विसळता विसळता मावशींचा हात थांबला.

"बाजारान पोरं चिडवतात, त्याचं काय नाय. पन पुतनीच्या हलदीन तेच लावलं. नवरी पाटावर, न् माज्या तोंडचं रडं! लग्नघरान रडनं कोन काडतं, बाय?"

त्या हळदीतून उठून घरी आल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, ते रडणं नव्हतंच मुळी. "मना ठाव," त्या म्हणाल्या, "लोकांना कुटं ठाव?"

संकेतनं फोन फळीवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाहेर जाऊन दारातून हाक मारली, "आये, हायस का?"

मावशींनी हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"आहे."

"आये, तसं नाय गो! पहिल्यासारखं बोल ना."

"आहे, म्हनलं ना. शुद्द बोललं तर कोन कापनार नाय."

संकेत आत आला आणि त्यानं फोन उचलला. मावशी पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या.

त्यानं मला पनवेलला आणून सोडलं. स्टँडवर म्हणाला, "फोन नसला तरी हाक मारली की ती आता 'आहे'च म्हणते, मॅडम. मला वाटलं होतं, माझ्याशी तरी..." आणि स्कूटर वळवून निघून गेला.

पुण्याच्या बसमध्ये मला राहून राहून चुटपुट लागली. आल्बम गाजला, पोराचं नाव झालं, चांगलंच झालं. पण दारात उभं राहून पोरानं हाक मारावी आणि आईनं त्याला पाहुण्यांच्या भाषेत उत्तर द्यावं, हे काही बरं झालं नाही.