शक्की डागदर

अप्पांना कुणी चहा दिला तर ते आधी कपात डोकावत, मग वास घेत, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "दूध कुणाकडचं?" चहा स्वतःच्या घरचा असला तरी हेच. थर्मामीटर दोन बाळगत, कारण एकावर भरवसा नाही. दोन्हींत फरक पडला की बेहद्द खूश! "बघ, यातला एक लबाड आहे." अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. मराठी घरांत ते अप्पा डॉक्टर, आणि बाकी सगळ्या मोहल्ल्यात शक्की डागदर. तोंडावरही लोक तसंच म्हणत आणि ते ओ देत.

मी बनारसला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील रेल्वेत, बदली होऊन आलेले. आमच्या कॉलेजात त्या सुमारास नवीन टूम निघाली होती की, विद्यार्थ्यांनी काही आठवडे वस्तीतल्या डॉक्टरकडे बसायचं, घरं बघायची, साधे आजार शिकायचे. प्राथमिक आरोग्य, कुटुंबाचा डॉक्टर, असे भारदस्त शब्द होते त्याला. मैत्रिणी ऑपरेशन थिएटरात आणि मी गल्लीत! मला तर वाटलं, सरांनी माझ्यावर कसला तरी डूख धरलाय. मराठी मुलगी म्हणून मराठी डॉक्टरकडे पाठवली, एवढं सरळ कारण असेल यावर माझा विश्वास बसेना. स्वभावच माझा तसा. आणि त्यात गुरू हा असा भेटला.

पहिल्या दिवशी मी एका म्हाताऱ्याची केस व्यवस्थित लिहून त्यांच्यापुढे ठेवली. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "हे पेशंटने सांगितलं का पुस्तकाने?"

"पेशंटनेच, अप्पा."

"मग तो पेशंट पुस्तक वाचून आलेला दिसतो." आणि कागद परत दिला. खरं सांगायचं तर मी वाक्यं जरा पुस्तकातल्यासारखी करून घेतली होती. या माणसाला कळलं कसं, याचाच मला राग आला.

त्यांची शिकवायची जागा टेबलापाशी नव्हती, दाराशी होती. बाहेर चपलांचा ढीग पडलेला असे, तिथे ते मला उभं करत. "खुर्चीत बसून सांगतात ते दुखणं पाहुण्याला दाखवायचं असतं. खरं दुखणं चपला घालताना सांगतात. तू इथे उभी राहा आणि वेंधळ्यासारखं तोंड कर. ते तुला जमेल." आत खोकल्याचं औषध घेतलेली बाई चपलेत पाय सरकवता सरकवता हळूच म्हणायची, "ए बिटिया, जरा डागदर साहब से पूछना..." आणि मग खरं काय ते निघायचं. मी धावत आत जाऊन सांगितलं की अप्पा मांडीवर थाप मारत. "बघितलंस? खोकला नव्हताच तो!"

औषधाच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायचे ते दिवस. पेशंट आला की अप्पा आधी बाटली उजेडाकडे धरून किती उतरली ते बघत, आणि नेमकी हवी तितकीच उतरलेली असली तर जास्तच बिथरत. "इतकं शिस्तीत कुणी औषध घेत नाही. ओतलंस ना गंगेत? निम्मं औषध माझं गंगामैयाच पिते, म्हणून तिला कधी खोकला नाही." पेशंटही हसत. इतका संशय घेणाऱ्या माणसाकडे लोक येतात कसे, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा एक नावाडी म्हणाला, "ये सबपे शक करते हैं, तो दवा पे भी करते होंगे. इसी से भरोसा है." म्हणजे त्यांचा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर चालला होता. शक्की डागदरच्या हातून गफलत होणार नाही, अशी लोकांची खात्री होती.

शिंदे घाटाजवळ एक शास्त्रीबुवा राहत. पूजाअर्चा सांगणारे, चार पिढ्या काशीतच. घरात ते, त्यांची बायको, मुलगा आणि नवी सून कुसुम. बायकोला मी काकू म्हणे, अप्पा वहिनी. कुसुम सागर गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि घरातले तिघेही आजारी पडले होते. पोटात मुरडा, अन्नावर वासना नाही, अंगात रक्त नाही. शास्त्रीबुवांचा तर हात लुळा पडायला लागला होता, पळी धरवेना. धडधाकट कोण, तर एकटी कुसुम.

काकू आमच्यापुढे अगदी स्पष्टच बोलल्या. "अप्पा, तुम्हाला म्हणून सांगते. ही आली आणि घराला दृष्ट लागली. आम्ही तिघं वाळत चाललोय आणि हिची तब्येत बघा कशी टुणटुणीत! काय घालते जेवणात देव जाणे. हिचा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर पाठवून देणार. परत आणायचं का नाही ते मग बघू." कुसुम आतल्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

आम्ही निघालो तशी ती अप्पांच्या चपला सरळ करून ठेवायच्या निमित्ताने बाहेर आली. खाली मान घालूनच म्हणाली, "अप्पा, मला नका हो पाठवू देऊ. आईवडील नाहीत मला. भाऊ इथून नेईल, पण घरात ठेवून घेणार नाही. मी कुठे जाऊ?"

परत येताना मी म्हटलं, "मला हिचाच संशय येतो." अप्पा चालता चालता थांबले. "सगळं घर जिच्याकडे बोट दाखवतंय, तिच्यावर तू आणखी संशय कशाला वाया घालवतेस? तो दुसरीकडे लाव. तिघांच्या हिरड्या बघितल्यास?" मी बघितल्या नव्हत्या. "कडेला निळसर काळी रेघ आहे. सुनेला नाही. उद्या जा आणि दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरात बस. भाजी निवड, गप्पा मार. आणि डॉक्टरीणबाई म्हणून मिरवू नकोस!"

बसले. कुसुमने तुरीची आमटी केली, चिंच-गूळ घालून, मोठ्या पितळी पातेल्यात. पातेलं आतून कल्हई केलेलं, पण चांदीसारखं लखलखीत नाही, करडं, मळकट. दुपारी सगळे जेवले. उरलेली आमटी त्याच पातेल्यात रात्रीसाठी झाकून ठेवली. कुसुम सगळ्यात शेवटी पानावर बसली, तिने दहीभात कालवला. मी विचारलं, "आमटी नाही घेत?" ती हसली. "मामंजींना आणि यांना रात्री लागते ना. माझ्यापर्यंत उरतेय कुठे!"

अप्पांना सांगितलं मात्र, ते खुर्चीतून ताडकन उठले. पातेल्याची थोडी कल्हई त्यांनी मला खरवडून आणायला लावली आणि ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. कल्हईत शिसं निघालं, भरपूर! कल्हईवाल्याने कथिलात शिसं मिसळून काम स्वस्तात उरकलं होतं. "शेजारच्या घरी अशाच भांड्यात त्यांची अरहरची डाळ शिजली असती तर इतकं झालं नसतं," अप्पा म्हणाले. "इथे डाळीत चिंच घालतं कोण? आपण. आंबटाने शिसं सोडलं आणि रात्रीपर्यंत मुरलं. हिरड्यांवरची रेघ त्याचीच. खाणारे आजारी पडले आणि जिला मिळालीच नाही ती वाचली."

माझा आनंद गगनात मावेना. कुसुम सुटली! मी म्हटलं, "चला अप्पा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू." अप्पा काही उठेनात. विचारलं, "पातेलं कुणाचं?"

पातेलं कुसुमचं होतं. लग्नात रुखवताबरोबर सागरहून आलेलं, तिथेच कल्हई केलेलं.

"म्हणजे आपण जाऊन काय सांगणार? की तुमच्या सुनेच्या माहेरच्या भांड्यातून घरात विष आलं? वहिनी शिसं ऐकणार नाहीत गं. त्यांना विष तेवढं ऐकू येईल आणि माहेर तेवढं ऐकू येईल." मला हे पटलं नाही. खरं ते खरं, लपवायचं कशाला? मला वाटलं, म्हातारा घाबरला. शास्त्रीबुवांच्या घरचं वजन मोठं, त्यांना नाराज करायचं नसेल. मी तसं बोलूनही दाखवलं. अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "रोग कशाने झाला ते तू शोधलंस, शाबास. आता हे निदान कुणाच्या डोक्यावर पडणार, ते कोण शोधणार? का ते आपल्या अभ्यासक्रमात नाही?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सगळे बसले होते, कुसुमचा भाऊही आलेला होता. लग्नाच्या धावपळीपासून अप्पा घरातल्या तिघांना भूक लागायचं एक औषध देत असत, कुसुमला दिलेलं नव्हतं. अप्पांनी ती बाटली मागवली, आपल्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या अंगात शिसं गेलंय. ते माझ्या या औषधातून गेलं. माल खराब आला होता आणि मी तपासला नाही. चूक माझी. तुम्हाला तिघांना मोठ्या हॉस्पिटलात दाखल करतो, बरे व्हाल. सूनबाईंनी हे औषध घेतलं नाही म्हणून त्या ठीक राहिल्या."

मी तोंड उघडणार तोच अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. काकूंचा पट्टा सुरू झाला. "अहो, तुम्ही! जगावर संशय घेता आणि स्वतःची बाटली नाही बघितलीत?" अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. निघताना म्हणाले, "वहिनी, ते मोठं पातेलं देता का? दवाखान्यात पाणी उकळायला हवंय." काकूंनी ते त्यांच्यापुढे अक्षरशः आदळलं. शास्त्रीबुवांच्या घरात विष घालून वर भांडंही घेऊन गेला, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचली. तिघंही बरी झाली. भाऊ एकटाच सागरला परत गेला.

अप्पांचं मात्र बघता बघता सगळं गेलं. शक्की डागदरनेच औषध तपासलं नाही म्हटल्यावर लोकांनी त्यांच्याकडे यायचं कशासाठी? आधी मराठी घरं तुटली, मग गल्ली तुटली. कॉलेजने त्यांच्याकडे मुलं पाठवणं बंद केलं. नदीपलीकडच्या रामनगरची काही माणसं तेवढी होडीने येत राहिली. मी एकदा न राहवून म्हटलं, "अप्पा, आता तरी सांगू या ना. कुसुमला मूल झालंय, आता कोण तिला घालवणार?" ते म्हणाले, "वहिनींचा मला भरवसा नाही." आणि चहाचा कप उचलून त्याचा वास घेतला.

नोकरी लागून मी बनारस सोडलं तेव्हा त्यांच्या पाया पडले. म्हणाले, "जिथे जाशील तिथे संशय घे, पण हात राखून घे." एवढंच. पुढे मीही मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवू लागले. अप्पा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. अंत्ययात्रेला मराठी घरांतून जेमतेम चार माणसं होती म्हणे. ऐकून मला सगळ्या काशीचा संताप आला.

त्यानंतर बनारसला गेले तेव्हा कुसुम घाटावर भेटली. केस पांढरे झालेले, घर आता तीच चालवत होती. मला बघताच तिने हात घट्ट धरले. म्हणाली, "अप्पांनी जाण्याआधी मला सगळं सांगितलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. पण ते गेले आणि मला राहवेना. दिवसकार्याच्या दिवशी मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पातेलं माझ्या माहेरचं होतं, शिसं त्यात होतं, अप्पांचा काहीएक दोष नव्हता."

"मग? काकू काय म्हणाल्या?"

कुसुमचे डोळे भरून आले. "सासूबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, तू भोळी आहेस गं. मेलेल्या माणसाचं पाप आपल्या डोक्यावर घेतेस? खबरदार माझ्या सुनेला कुणी काही बोललं तर! आणि सगळ्यांना म्हणाल्या, त्या डॉक्टरनेच जाता जाता पोरीला हे पढवलं असणार."